बिल्ला उचकटलेला क्यू

नत्थूजी मार्करनं मला पहिली थप्पड मारली ती क्यू भिंतीला टेकवून ठेवला म्हणून. मी मोहगावचा सुतार, देवीदास. पांढुर्ण्याला जिनिंगवाल्यांच्या जुन्या क्लबात बिलियर्डच्या टेबलाचा पाय बसवायला गेलो होतो. खेळायची काठी, म्हणजे क्यू, मधे येत होती, उचलली आणि भिंतीला लावली. एवढ्यावर थप्पड! मी लग्न झालेला, पोराबाळांचा माणूस. लाकूड तासायचा वाकस घेऊन उभा राहिलो, तर हा माझ्या खांद्याएवढा बुटका गडी जागचा हलेना.

"टेकवली का वाकते बे ते," तो म्हणाला. "सुतार आहेस ना? लाकूड टांगाव, नाहीतं झोपवाव. टेकवाव नाही."

म्हणणं बरोबर होतं, म्हणून माझा राग दुप्पट झाला. पण वाकस खाली ठेवला. आमची दोस्ती अशी जमली.

मार्कर म्हणजे बिलियर्डच्या क्लबात गुण मोजणारा, टेबल झाडणारा आणि क्यू सांभाळणारा माणूस. टेबल गोऱ्या कापूसवाल्यांनी आणलेलं. ते गेले, टेबल राहिलं आणि नत्थूजी राहिला. गावातले खेळणारे त्याला टरकून असत. कापडावर विडीची राख सांडली की क्यूचं बुड बोटांवर बसलंच. समोर वकील आहे की अडत्या, हे तो बघत नसे. शिकवायचा तेही असंच, रागारागानं. पण शिकवायचा, हातचं राखून ठेवायचा नाही.

"बिल्ला पाहू नोको," असं त्याचं पहिलं वाक्य असे. बिल्ला म्हणजे क्यूच्या बुडाशी बसवलेली बनवणाऱ्याच्या नावाची पट्टी. "बिल्ला कोनीही ठोकते. डोये मीट अन् हात फिरव."

मग तो दाखवायचा. वरचा भाग ॲश नावाच्या विलायती लाकडाचा असेल, तर रेषा बाणासारख्या एकामागोमाग टोकाकडे जातात आणि नखाला लागतात. मेपल असेल तर नख घसरतं. बुडाचं काळं लाकूड आपल्या तेंदूच्या गाभ्याचं भाऊबंद. ते वरच्या लाकडात चार जिभांनी शिरलेलं असतं. जिभांची टोकं सुईसारखी आणि सारखी दिसली की समजावं मशीनचं काम. टोकं गोलसर आणि एक दुसरीहून उणी-जास्त, तर कोण्या जुन्या कारागिरानं हातानं सांधलेली. आणि बुड अगदी गोल नसतं, एका बाजूनं सपाट तासलेलं असतं. सुतार असून मला यातलं काहीही माहीत नव्हतं. माझ्या धंद्याला त्याचा उपयोगही नव्हता. तरी सौंसरच्या बाजारातून परतताना मी वाट वाकडी करून त्याच्याकडे जात असे, कारण लाकडावर इतकं भांडणारा दुसरा माणूस मला भेटला नाही.

पुढे क्लब बंद पडला. टेबल आणि सगळे क्यू सौंसरच्या भगवंतरावानं उचलले आणि आपल्या कापसाच्या गोदामात खेळाचा हॉल काढला. नत्थूजी आठवड्यातून दोनदा बसनं तिथं जाऊन कापड ताणायचा, क्यू घासायचा. भगवंतरावाकडे त्याच्या बापाचा एक क्यू होता, जुना, हातानं सांधलेला, सुरेख. तो नत्थूजीशिवाय कुणाला शिवू देत नसे. जीपमध्येही बरोबर घेऊन फिरे, जशी काही बायकोच.

नत्थूजीनं आयुष्यात एकाच माणसावर हात उगारला नाही, तो म्हणजे जावई जयवंता. सावरगावचा, संत्र्याच्या बागेत राबणारा पोरगा, पण टेबलावर वाकला की बघत राहावं. पोरीशी, नलिनीशी, लग्न झाल्यावर सासऱ्यानंच त्याला तयार केला होता. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात नागपूरचे पाहुणे बसलेले असताना त्यानं भगवंतरावाला चारीमुंड्या चीत केला. तेवढ्यावर थांबायचं की नाही? पण जीभ वळवळली.

"क्यू बापाचा आहे, भगवंतराव," तो म्हणाला, "हात बापाचा नाही ना."

हॉल हसला. पाहुणेही हसले. भगवंतरावानं तिथल्या तिथं त्याच्या तोंडावर बुक्की मारली आणि ओठ फाडला. "तुले पाहून घेतो," म्हणाला. असं सगळेच म्हणतात, कुणी मनावर घेतलं नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार असते. जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा. अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव, आणि दिवसभर एकमेकांवर दगड. झाड तोडून झेंडा देवीच्या देवळात नेला की खेळ संपला. डोकी फुटतात, डोळे जातात, एखाद्या साली माणूसही जातो. बाहेरचे आम्हाला वेडे म्हणतात. म्हणोत. आमच्याकडे रीत आहे की नदीत जे झालं त्याचं वैर धरायचं नाही. ज्यानं सकाळी कपाळ फोडलं त्याच्याच घरी माणसं संध्याकाळी जेवलेली मी पाहिली आहेत.

त्या साली दगड असे पडत होते की आभाळ दिसेना. माझ्या शेजारच्या माणसाचा जबडा लटकला आणि तो हातानं धरून पळाला. पाणी तांबडं झालं होतं. दुपारनंतर सावरगावच्या बाजूनं आरडाओरड झाली. जयवंता काठावरच्या पडक्या भिंतीमागं पडला होता, कानशिलात खड्डा, जीव गेलेला. जखमी तिथं बसायला जात, बघ्यांच्या गाड्याही, भगवंतरावाच्या जीपसकट, तिथंच लागत, त्यामुळे कुणी कसला विचार केला नाही. हवालदारानं विचारलं, दवाखान्यात नेऊन चिरफाड करायची का? घरचे नत्थूजीकडे बघायला लागले.

"काहाले?" नत्थूजी म्हणाला. "गोटमारीतला आहे. देवीचा मान आहे."

जावयाचं अंग त्यानं स्वतः धुतलं. रक्त इतकं होतं की पाणी पुन्हा पुन्हा आणावं लागलं. नलिनी भिंतीशी बसली होती. सूर्य मावळायच्या आत जाळला.

दिवाळीच्या सुमारास भगवंतरावाचा गडी माझ्याकडे मोहगावला एक क्यू घेऊन आला. नागपूरच्या पाहुण्याचा आहे म्हणाला, सांधा निघाला आहे, बसवून दे, कुणाला दाखवू नको. बिल्ला उचकटून खाचेत मेण भरलेलं होतं. काळी एक जीभ सुटून वर आली होती. मी सरस लावून दाबला तर क्यूच वाकायला लागला. असं काम माझ्या हातून बिघडलं तर मला झोप लागत नाही. दाखवू नको म्हणे! न दाखवता काय मंत्र म्हणू? मी सरळ पांढुर्ण्याला गेलो आणि काठी नत्थूजीच्या हातात दिली.

त्यानं नेहमीप्रमाणे डोळे मिटले. बोटं टोकाकडून खाली आली, बाणांवरून, सांध्यावरून. एका जिभेपाशी थांबली.

"हे तं भगवंतरावच्या बापाची काठी आहे," तो म्हणाला. "बिल्ला कोनं काढला?"

"मले काय मालूम? पाहुण्याचा सांगितला."

"पाहुण्याचा! ह्या जिभेचं टोक म्याच घासून गोल केलं होतं. अन् सांधा असा खेळून उकलत नाही. असा उकलाले बुडानं काहीतरी जोरानं ठोकाव लागते."

बोलता बोलता त्यानं काठी उलटी केली आणि बुडाच्या तोंडावर तळहात दाबला. हात तिथंच राहिला. डोळे उघडले तेव्हा मला वाटलं याला झटका आला.

"गोल," तो म्हणाला. "अन् एका बाजूनं सपाट."

"काय?"

"जयवंताच्या कानशिलात. असाच खड्डा होता, देवीदास. गोल, अन् एका बाजूनं सरळ. म्या बोटानं पुसला तो."

मी मूर्खासारखा म्हणालो, दगडही तसा असू शकतो. त्यानं मला दुसरी थप्पड मारली. ही मी मुकाट्यानं घेतली.

भगवंतरावाचं मला आजही नवल वाटतं. एवढा हुशार व्यापारी. खून गोटमारीच्या दिवशी केला म्हणजे दगडाच्या नावावर खपणार हे त्याला कळलं, जीप भिंतीपाशी नेऊन लावायचं कळलं, मग काठी चुलीत घालायची कळू नये? पण बापाची वस्तू, जाळवेना. बिल्ला काढला की काठी अनोळखी झाली, असं त्याला वाटलं. नत्थूजीपासून लपवायला त्यानं ती मुद्दाम माझ्याकडे धाडली होती; आमची दोस्ती त्याला ठाऊक नसावी.

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं सौंसरच्या बसमध्ये बसलो. मी पोलिसात जाऊ म्हणत होतो. "पोलिसाले काय सांगू, हात म्हनते म्हनून?" तो म्हणाला आणि काठी मांडीवर आडवी धरून बसला.

हॉल भरलेला होता. भगवंतराव टेबलाशी उभा होता, भोवती त्याची माणसं. नत्थूजीनं क्यू हिरव्या कापडावर आडवा ठेवला.

"हा कोनाचा?"

भगवंतरावाचा रंग उडाला, पण आवाज शाबूत होता. "मले काय मालूम? आना-ठेवाचं काम तुह्यं आहे."

"तुमचा नाही?"

"नाही म्हनलं ना."

"मंग कोनाचाच नाही," नत्थूजी म्हणाला, माझ्या पिशवीतून त्यानं करवत काढली आणि काळ्या जिभांवर धरली. "कापतो. चुलीत घालाले बरी होईन."

पहिला फेरा दिला. भुसा कापडावर पडला. मी भगवंतरावाच्या तोंडाकडे बघत होतो. दुसरा फेरा बसला तसा तो ओरडला, "थांब बे भडव्या! माह्या बापाचा क्यू आहे तो!"

भगवंतरावाला आपण काय बोललो ते कळलं आणि तो टेबलाची कड धरून उभा राहिला. नत्थूजीनं त्याचं डावं मनगट तिथंच दाबून धरलं, खेळताना क्यू ज्या बोटांवर टेकवतात तो हात, आणि काठीचं बुड त्यावर मारलं. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला. "हे जयवंताचं," म्हणून पुन्हा मारलं. भगवंतराव गुरासारखा ओरडत खाली बसला.

मग त्याची माणसं तुटून पडली. मांडणीवरून दिसेल तो क्यू उचलून त्यांनी नत्थूजीला मारायला सुरुवात केली. तो टेबलावर पालथा पडला होता.

पहिला पाठीत बसला. "हा मेपल," तो म्हणाला. "हलका आहे. जड आन."

दुसरा खांद्यावर बसला. "हा मेरठचा. सांधा कच्चा आहे, तुटते पाह्य." आणि तुटला. त्यांनी तो अर्धा तुकडा त्याच्या बोटांवर चालवला. मी मधे घुसलो, माझे पुढचे दात तिथंच गेले. तिसरा क्यू वर गेला तेव्हा नत्थूजीनं मान वळवून पाहिलं, तोंडातून रक्त गळत होतं.

"तो नोको," तो म्हणाला. "तो जुना आहे. कोनी बनवनार नाही आता."

मारणारा क्षणभर थांबला. मग त्यानं तोच मारला.

शुद्धीवर आलो तेव्हा आम्ही दवाखान्यात होतो. दोन्ही हात प्लास्टरमध्ये घालून नत्थूजी पडला होता. ठाण्यातला साहेब आला, हिंदीत बोलला. भगवंतरावाचा हात मोडल्याचा गुन्हा नत्थूजीवर. मी म्हटलं, आणि जयवंताचा खून? हॉलमध्ये सगळ्यांनी ऐकलं आहे.

"सबने इतना ही सुना कि डंडा उसके बाप का है," साहेब म्हणाला. "डंडा रखना जुर्म है क्या? घाव किसने देखा? लाश कहाँ है?"

मी भांडलो, कोर्टातही जाऊन सांगून आलो. तुटके दात दाखवले. भगवंतरावाचा वकील साहेबाचेच प्रश्न विचारून हसला. भगवंतराव लुळा हात घेऊन सुटला.

पण नत्थूजीला खरं कोर्ट लागलं ते त्याच दवाखान्यात, साहेब येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. नलिनी डबा घेऊन आली. त्यानं तिला सगळं सांगितलं. कानशिलातला खड्डा, बुडाचा सपाट काप, करवत, भगवंतरावाचा हात. सांगताना त्याला धाप लागत होती, पण चेहऱ्यावर समाधान होतं. पोरीला न्याय आणून दिला असं त्याला वाटत होतं. मलाही वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

नलिनीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आंग तुम्हीच धुतलं होतं ना, बाबा?" तिनं विचारलं.

"हो."

"चिरफाड नोको, तुम्हीच म्हनलं."

"हो, पोरी."

"साऱ्या मुलखाच्या काठ्या तुमच्या हाताले समजते. डोये मिटून समजते. माह्या नवऱ्याच्या डोक्यावर हात फिरवला, तवा नाही समजलं?"

नत्थूजी प्लास्टरमधल्या आपल्या हातांकडे बघायला लागला. या माणसाला मी वकिलाशी, सावकाराशी, चार दांडगटांशी तोंड चालवताना पाहिलं होतं.

"गोटमार होती, पोरी," तो शेवटी म्हणाला. "दगडच वाटला."

नलिनीनं डबा खाटेखाली सरकवला. त्याला भरवायला घरचं दुसरं कुणी नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. तरी ती उठली आणि सावरगावला निघून गेली.