मिक्सरचा आवाज पाठवा

मिक्सर बनवणाऱ्या कंपनीच्या दुरुस्ती विभागात मिस्त्रींची एकवीस वर्षं गेली. मग कंपनीने तो विभागच गुंडाळला आणि त्यांना तिसऱ्या मजल्यावर, सोशल मीडियाच्या टेबलाशी नेऊन बसवलं. कंपनीच्या पेजवर लोक तक्रारी लिहीत, त्यांना उत्तरं द्यायची. उत्तरही तयारच होतं. 'आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' एवढं चिकटवायचं आणि पुढच्या तक्रारीकडे वळायचं.

आठवडाभर त्यांनी निमूटपणे दिलगिरी वाटली. मग एका बाईंनी लिहिलं, "तुमच्या दिलगिरीने मसाला वाटला जात नाही हो!"

मिस्त्रींना हसू फुटलं. एकेक अक्षर शोधत त्यांनी टाइप केलं, "मिक्सर चालू करून आवाज पाठवा."

आवाज आला. त्यांनी डोळे मिटून दोनदा ऐकला. "मोटर ठणठणीत आहे. भांड्याखालचा रबरी कपलर झिजलाय. तेवढाच बदला."

बाईंनी बदलला आणि गावभर सांगितलं. महिन्याभरात पेजवर घरघर, खरखर, किरकिर यांची रीघ लागली. लोक मिस्त्रींना 'कानवाले काका' म्हणू लागले.

विक्रीच्या मॅडम त्यांच्या मुलीच्या वयाच्या. त्या म्हणाल्या, "काका, एवढी माणसं येतायत, तर प्रत्येक उत्तराखाली नव्या मॉडेलची लिंक टाका."

"ज्याचा मिक्सर पाच मिनिटांत नीट होतो, त्याने नवा कशाला घ्यावा?"

"ते त्यांचं ते ठरवतील. आपण विकायला बसलोय ना?"

तेही खरंच होतं. मिस्त्री लिंक टाकू लागले. चौथ्या दिवशी कुणीतरी लिहिलं, 'काकांनाही विक्रीला जुंपलं वाटतं.' त्याला दोनशे लाइक पडले.

त्या दिवशी जेवताना त्यांचा घास तोंडातच घोळत राहिला. बायकोने विचारलं, "कुणी काही बोललं का?"

"अनोळखी माणसं बोलली. आणि बरोबर बोलली."

सकाळी ते मॅडमसमोर उभे राहिले. "मोटर खरंच गेली असेल तिथेच लिंक टाकीन. नाहीतर मला गोदामात पाठवा."

मॅडमनी ती दोनशे लाइकची कमेंट पुन्हा वाचली. "ठीक आहे. पण गेलेली मोटर एकही सोडायची नाही."

त्यांनी सोडली नाही. नवे मिक्सर पूर्वीइतकेच खपले, सुट्या भागांना मात्र उठाव आला. दुरुस्ती विभाग काही पुन्हा उघडला नाही. मिस्त्री आणखी चार वर्षं त्याच खुर्चीत, हेडफोन लावून बसले.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी त्यांनी आपल्या जागी आलेल्या नव्या मुलीला खराब मोटरचे अकरा आवाज ऐकवले.

"मला सगळे सारखेच वाटतायत," ती म्हणाली.

"मलाही वाटायचे," म्हणत त्यांनी पहिला पुन्हा लावला.