उपरण्याखालचा सौदा

त्या म्हाताऱ्यानं मला फसवलं. व्यवहारात आजवर मला दुसरं कोणी फसवू शकलेलं नाही, म्हणून हे लिहितोय. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही... पण या व्यवहाराला काय म्हणायचं ते कळत नाही.

नागपूरच्या गांधीबागेत माझं कापडाचं दुकान. खांद्यावर गाठोडं घेऊन दारोदार फिरणारा मी, दुकानापर्यंत आलो तो या उजव्या हाताच्या जोरावर. डोळे मिटून कापड चिमटीत धरलं, की सूत कसलं आणि किती धुण्यांत विटेल, ते सांगायचो.

आणीबाणी उठली, त्याच्या पुढचा उन्हाळा. सेकंडहँड जीप घेऊन एकटाच रीव्यापर्यंत माल देऊन परत येत होतो. भर दुपार. सिवनी मागे पडली होती, खवासा यायचं होतं. मोहाच्या झाडाखाली म्हातारा-म्हातारी बसलेले, पुढ्यात पांढऱ्या कापडाचं एक थान, अख्खा तागा. पाणी प्यायला थांबलो आणि सवयीनं थानाला हात लावला. चिमटीत काही आहे असं वाटेचना — आणि तरी सोडवेना.

"काय घेशीन, बाबा?"

म्हाताऱ्यानं उपरणं मनगटावर टाकून हात पुढे केला. बैलबाजारात असाच सौदा होतो. उपरण्याखाली बोटं दाबायची, भाव तोंडानं बोलायचा नाही. एक बोट म्हणजे दहा की शंभर, ते मालावरून दोघांनी समजून घ्यायचं. मीही हात घातला. भर मे महिन्यात त्याचा हात गार होता.

त्यानं माझी पाचही बोटं धरली.

"पाचशे? डोकं जाग्यावर हाय ना?" मी त्याची दोनच दाबली.

म्हातारी म्हणाली, "कायचे पाच, ते तं इचार गा पयले."

"तू मधात बोलू नको वं बाई. सौदा आमचा होऊन राहिला."

"मंग मांगून बोंबलू नको."

तीनवर सौदा ठरला. मी पाकीट काढलं, तर त्यानं माझा अंगठा आणि पुढची दोन बोटं एकदा घट्ट दाबली, थान जीपमध्ये ठेवलं नि म्हणाला, "भेटलं मले."

उन्हानं भ्रमिष्ट झालाय, असं समजून मी गाडी हाणली.

नागपूरला येऊन दुकानात एक लुगडं हातात घेतलं... चिमटीत काहीच लागेना. डॉक्टरनं सुई टोचली, ती दुखली. चहाचा ग्लास पोळतो. फक्त कापड लागत नाही. रेशीम धरा, गोणपाट धरा, त्या तीन बोटांत हवा.

पुन्हा त्या रस्त्यानं गेलो. झाड होतं, ते दोघं नव्हते. खवाशाच्या चहावाल्याला विचारलं, तर त्यानं आपले हात पाठीमागे नेले.

"किती बोटं?"

"तीन."

"पाचावून? लय घासाघीस करता गा तुमी."

आणि हात तसेच मागे ठेवून आत निघून गेला.

थान घरीच आहे. बायको त्यावरून हात फिरवत राहते. कसं लागतं विचारलं, तर म्हणते, "सांगता नाई येत."

ओळखीचे म्हणतात, म्हातारीनं टोकलं होतं, तुम्हीच ऐकलं नाही. ते मला शिकवू नका. माल उघडा ठेवायचा आणि मोल झाकायचं, हा कुठल्या बाजाराचा कायदा? कसं घडलं, ते मला आजही उमगलेलं नाही. पण त्या रस्त्यानं जाणारं कोणी हे वाचत असेल, तर त्या म्हाताऱ्याला सांगा: उपरणं बाजूला ठेव, समोर ये, आणि माझ्याकडून काय नेलंस ते तोंडानं बोल.