पालथे चमचे

आमच्या घरात चमचे पालथे ठेवतात. ताटाच्या उजव्या हाताला, खोलगट बाजू खाली, पाठ वर. पाहुण्यांना वाटायचं, घाईत तसे पडले असतील, आणि खुर्ची ओढता ओढता ते आपला चमचा सुलटा करायचे. मग माझी बायको आमटीचं भांडं खाली ठेवून तो पुन्हा पालथा करायची. "असू दे की तसाच," ती म्हणायची, "तीनशे वर्षांची सवय आहे त्याला."

ती अतिशयोक्ती करत नव्हती. चमचे चांदीचे, इंग्रजी, पहिल्या जॉर्ज राजाच्या काळात लंडनमध्ये घडवलेले. एकूण सहा. ती गेल्यापासून परवापर्यंत ते माझ्या टेबलाच्या खणात एका फ्लॅनेलच्या पिशवीत होते. शाळेचं वर्ष संपलं की मी निवृत्त होणार, नोकरीबरोबर व्हिसाही संपणार आणि बहारीन सोडावं लागणार, हे ठरलेलं होतं. चमच्यांचं काय करायचं, तेवढं ठरत नव्हतं.

मी ईसा टाउनमधल्या एका शाळेत ग्रंथपाल. ती मनामातल्या एका बँकेत. शुक्रवारी सुटी, आणि सुटीच्या सकाळी इतर घरांत पोहे व्हायचे तेव्हा आम्ही सलमाबादच्या एका गोडाउनमध्ये उभे असायचो. कंत्राट संपवून देश सोडून जाणाऱ्या लोकांचं सामान तिथे येई. सोफे, फ्रीज, गोल्फच्या काठ्या, आणि अनेक वर्षं इथे राहिलेल्या एखाद्या इंग्रज कुटुंबाचं आजीकडून आलेलं किडूकमिडूक. मी पुस्तकांच्या खोक्यांपाशी जायचो. ती काय शोधायची हे सुरुवातीला तिलाही सांगता येत नसे. पत्र्याच्या छपराखाली घामाने चिंब होत ती एकेक वस्तू हातात घेऊन वजन घ्यायची, उलटी करायची, नखाने टोकरायची आणि खाली ठेवायची.

एकदा तिथे एक टेबलावरचं घड्याळ आलं. काळं लाकूड, वर पितळी कडी, डौलदार. दोघं-तिघं गिऱ्हाईकं त्याच्याभोवती जमली होती. हिने मागचं दार उघडून आत पाहिलं, कान लावला आणि मला बाजूला ओढलं.

"पेटी जुनी आहे. आतलं यंत्र नंतरचं."

"तुला कसं कळलं?"

"जुन्या भोकांच्या शेजारी नवी भोकं पाडलीत. भाडेकरू बदलला की भिंतीत खिळे दिसतात ना, तसं."

घड्याळ दुसऱ्याच कोणीतरी मोठ्या हौसेने नेलं. मी घरी येऊन पुस्तकं काढली. तिचं बरोबर होतं. अशा घड्याळांत यंत्र बदललं की मागच्या पट्टीवर जुनी भोकं उरतात, असं तिथे सचित्र दिलेलं होतं. तिने ते पुस्तक तोवर उघडलेलंही नव्हतं. मी पुस्तकातून शिकणारा माणूस आहे, त्यामुळे नुसतं पाहून शिकणाऱ्यांबद्दल मला आदर वाटतो, आणि ते माणूस आपल्याच घरात असलं की आदराचं पुढे काय होतं ते वेगळं सांगायला नको.

चमचे सापडले तो दिवस मला नीट आठवतो. एका खोक्यात काळ्या पडलेल्या काट्या-चमच्यांचा ढीग होता, बहुतेक मुलामा दिलेले, मुलामा उडालेले. तिने खोक्यात हात घातला, क्षणभर थांबली आणि हात बाहेर काढला. मग शेजारची एक भयानक फुलदाणी उचलली. निळी, वर सोनेरी मोर.

"भैया, ये कितने का?"

गोडाउनवाल्याने आकडा सांगितला. तिने कपाळाला हात लावला. पुढे बराच वेळ त्या मोरावर घासाघीस चालली. मोराचा एक डोळा उडालाय, मोर आहे की कोंबडी, असं बरंच काही ती बोलली. शेवटी तो वैतागला.

"मॅडम, ले जाओ. खलास."

"और ये चम्मच का डब्बा साथ में. इतना तो बनता है."

"वो भी ले जाओ! यल्ला, चलो!"

गाडीत बसल्यावर तिने खोकं मांडीवर घेतलं आणि मोर माझ्या मांडीवर दिला. "हा तुमच्या शाळेत द्या," ती म्हणाली, "पण आधी भिंग काढा, पुस्तकवाले."

रात्रीचं जेवण त्या दिवशी उशिरा झालं. ती चमचा धरायची, मी भिंगातून शिक्के वाचायचो. खोलगट भागाच्या पाठीवर मधोमध एक बारीक उठावदार रेघ उतरलेली असते, उंदराच्या शेपटीसारखी, आणि इंग्रजीतही तिला उंदराचीच शेपूट म्हणतात. दांड्याचं टोक पुढच्या बाजूला किंचित वळलेलं. त्या काळात जेवणाच्या टेबलावर चमचे पालथे मांडायची रीत होती, म्हणून कोरीव काम काय असेल ते पाठीवर. प्रत्येकाच्या टोकाशी तीन अक्षरं होती. वर एक, खाली दोन, त्रिकोणात. वरचं आडनावाचं, खालची नवऱ्याची आणि बायकोची. कोण ते कळायला मार्ग नाही. एक जोडपं होतं, त्यांनी संसार थाटला आणि सहा चमचे करून घेतले, एवढंच.

"म्हणजे पालथा ठेवला की नाव वर येतं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ते वापरात आले. मी म्हटलं, काचेच्या कपाटात ठेवूया. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे बोललो नाही. चमचे बरेच मोठे, तोंडात पुरते मावत नाहीत, कडेने भुरकावं लागतं. आमटी, सार, खीर, सगळं त्यांनीच. आमची मुलगी तेव्हा शाळेत होती. मैत्रिणी घरी यायच्या तेव्हा तिला लाज वाटायची. "आई, व्हाय कान्ट वुई हॅव नॉर्मल स्पून्स?" असं ती विचारायची, आणि आई मराठीत उत्तर द्यायची, "कारण आपण नॉर्मल नाही."

चमच्यांना चांदी घासायची पूड कधी लागली नाही. कोमट पाणी, थोडा साबण, मऊ फडकं. धुणं तिच्याकडे, पुसणं माझ्याकडे. "घासलेत तर नाव पुसलं जाईल," ही ताकीद मला इतक्या वेळा मिळाली की तिच्या माघारीही ती ऐकू येते.

माझी आई एकदा पुण्याहून तीन महिन्यांसाठी आली होती. पहिल्याच जेवणाला तिने आपला चमचा सुलटा केला. हिने तो पालथा केला. आईने पुन्हा सुलटा केला.

"ताटाजवळ काही पालथं घालू नये गं," आई म्हणाली. "पालथं म्हणजे जेवणारा उठून गेला."

मी पाण्याचा पेला उचलून त्यात पाहत बसलो. पण ही चिडली नाही. तिने चमचा उचलून आईच्या चष्म्यापाशी नेला. "जेवणारा उठून गेलाच की आई. पण जाताना नाव वर ठेवून गेला. हे बघा."

आईने अक्षरांवरून बोट फिरवलं. "कोण हे?"

"कोण जाणे. आता आपलेच."

आईने ताट पुढे ओढलं. मग म्हणाली, "वाढ आता, आमटी निवतेय." चमचा मात्र तिने तीन महिने रोज सुलटा केला आणि हिने तो रोज पालथा. दोघींचंही चांगलं जमत होतं.

सलमाबादला आणखी एक नेहमीचे गृहस्थ यायचे. मूळचे इथलेच, मुहर्रकचे, वयस्क, अंगात पांढराशुभ्र पायघोळ थोब, हातात स्वतःचं भिंग. त्यांच्या वडिलांचा मोत्यांचा व्यापार मुंबईशी होता, त्यामुळे हिंदी मुंबईची. हिला ते 'मॅडम बँक' म्हणत आणि मला 'उस्ताद'. चमचे आपल्या हातून निसटले हे त्यांना पुढच्याच शुक्रवारी कळलं. मोरावरून झालेली घासाघीस त्यांनी लांबून पाहिली होती आणि त्यांनाही ती मोरासाठीच वाटली होती. त्यानंतर दरवर्षी ते एकदा विचारायचे.

"मॅडम बँक, वो छे चम्मच. बेचोगी?"

"इंशाल्ला," ही म्हणायची.

ते मोठ्याने हसायचे. इंशाल्ला म्हणजे देवाची इच्छा असेल तर; पण अशा वेळी त्याचा अर्थ गोड शब्दांत नाही, हे बहारीनच्या माणसाला कोणी शिकवावं लागत नाही.

ती गेल्या वर्षी गेली. आजार लांबला नाही. लोक भेटायला येत होते, डबे आणत होते, माझ्या घरात माझ्यासाठी ताट वाढत होते. तिसऱ्या की चौथ्या दिवशी शेजारच्या बाईंनी मला जेवायला बसवलं आणि सवयीने मी चमचा पालथा ठेवला. त्यांनी हळूच तो सुलटा केला. त्यांनी ते सहज केलं. पण मला आईचं वाक्य ऐकू आलं. पालथं म्हणजे जेवणारा उठून गेला. हिने त्याला दिलेलं उत्तर मला पाठ होतं, तरी त्या दिवशी ते कामी आलं नाही. मी सगळे चमचे धुतले, पुसले, पिशवीत घातले आणि खण लावून घेतला. स्टीलच्या चमच्याने जेवू लागलो.

निवृत्ती जवळ आली तेव्हा मुलीला टोरांटोला फोन केला. ती तिकडे नोकरीला आहे.

"बाबा, जस्ट सेल देम," ती म्हणाली. "हू विल लुक आफ्टर देम इन पुणे? यू डोन्ट ईव्हन यूज देम."

ते खरंच होतं. मी मुहर्रकला निरोप पाठवला. ते आले, आधी हिच्यासाठी दुवा केली, कॉफी घेतली, मग पिशवी उघडली. प्रत्येक चमचा त्यांनी भिंगातून पाहिला आणि पालथा ठेवला.

"उस्ताद, एक बात साफ बोलता हूँ," ते म्हणाले. "हमारे मजहब में चांदी के चम्मच से खाना मना है. मेरे पास ये शीशे में रहेंगे. अच्छे से रहेंगे. लेकिन मुँह नहीं देखेंगे."

त्यांच्याइतका योग्य माणूस मला मिळणार नव्हता, आणि तरी त्या शेवटच्या वाक्यानंतर मी एक चमचा उचलून उगाच पुन्हा पुसला. हिने कपाटाला नाही म्हटलं होतं. पण खण म्हणजे तरी काय, बिनकाचेचं कपाटच. मी हो म्हणालो. पुढच्या शुक्रवारी दुपारी त्यांनी यायचं, चमचे न्यायचे, असं ठरलं. जेवूनच जा, मी म्हटलं.

त्या आठवड्यात मुलगी सामान आवरायला आली. शुक्रवारी मी खीर केली, आमटी केली, तिच्या आईच्या हातची चव जमेल तेवढी आणली. मुलगी फोन कानाला लावून टेबल मांडत होती, विमान कंपनीतल्या कोणाशी तरी इंग्रजीत काहीतरी ठणकावून सांगत होती. मी चमच्यांची पिशवी, न्यायला सोपं म्हणून, टेबलाच्या कडेला ठेवली होती. स्वयंपाकघरातून बाहेर आलो तर पिशवी रिकामी, आणि तीन पानांच्या उजव्या हाताला तीन चमचे, पालथे. उरलेले तीन वाढायच्या भांड्यांजवळ, तेही पालथे.

तिचा फोन संपेपर्यंत मी थांबलो.

"हे पालथे का ठेवलेस?"

तिला प्रश्नच कळला नाही. "मग कसे ठेवतात?"

मराठीत म्हणाली. इतकी वर्षं मी मराठीत विचारायचो आणि ती इंग्रजीत उत्तर द्यायची. मला वाटतं, या प्रश्नाला तिच्याकडे इंग्रजी उत्तर नव्हतंच.

"तिकडेही असेच ठेवतेस?"

"हो. स्टीलचे. सगळे हसतात." ती खुर्चीत बसली आणि समोरच्या चमच्याच्या पाठीवरच्या अक्षरांवरून तिने अंगठा फिरवला. माझ्या आईने फिरवला होता तसा. "आई काय म्हणायची? जाताना नाव वर ठेवून गेले."

आजी आली होती तेव्हा ती नऊ-दहा वर्षांची असेल. तेव्हा ती त्या टेबलाशी बसून ऐकत होती, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. मला वाटायचं तिला फक्त लाज वाटते.

"नेतेस का?" मी विचारलं.

"डिशवॉशरमध्ये चालतात?"

"नाही."

"मग हाताने घासीन."

"घासायचे नाहीत."

"धुवायचे. माहितीये, बाबा." ती डोळे पुसत हसली. "पण तुम्ही विकलेत ना?"

बेल वाजली. ते दारात उभे होते, काखेत मखमली अस्तराची एक पेटी. चमच्यांसाठी खास करून घेतलेली असावी. जोडे काढून आत आले, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि टेबलाकडे पाहिलं. उन्हाची एक तिरीप टेबलावर पडली होती. सहाही पाठी चमकत होत्या, आणि सहांवर ती तीन अक्षरं, वर एक, खाली दोन. माझी पाठही आपोआप ताठ झाली. घामाघूम होऊन एका भयानक मोराच्या आडून हिने हे घरात आणलं होतं, आणि ते अजून जेवायला मांडलेलं होतं.

ते टेबलाकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे, मग मुलीकडे. समजायचं ते समजले असावेत, कारण हातातली पेटी त्यांनी दाराजवळच्या खुर्चीवर ठेवून दिली. तरी विचारायचं ते त्यांनी विचारलंच, नेहमीच्या सुरात.

"तो उस्ताद, बेचोगे?"

"इंशाल्ला," मी म्हणालो.

ते इतके हसले की त्यांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला. मग त्यांनी आपल्या पानाजवळचा चमचा उचलला, एकदा पाठ पाहिली आणि तो अदबीने बाजूला ठेवला.

"बेटी," ते मुलीला म्हणाले, "मेरे लिए स्टील का लाओ. खीर की खुशबू आ रही है."

तिने स्टीलचा चमचा आणला आणि त्यांच्या उजव्या हाताला ठेवला. पालथा.