पोटावरची पिशवी आणि शुक्रवारची रांग

“मास्तर, ही गाठ कॅन्सरची आहे,” डॉक्टर म्हणाले. आणि मी त्यांना काय विचारावं? “दिवाळीची गिऱ्हाइकं उरकल्यावर ऑपरेशन केलं तर चालेल का?” कोल्हापुरात माझं शिवणकामाचं दुकान आहे, आणि सणाच्या तोंडावर कापडांचा ढीग पडलेला. रक्त पडायला लागलं तेव्हाही मूळव्याध असेल म्हणून मी पुढं ढकलत आलो होतो. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “गिऱ्हाईक थांबेल मास्तर, हे थांबणार नाही.”

गाठ रेक्टममध्ये होती, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकाला. ते टोकच काढावं लागलं. मग कोलोस्टॉमी केली. म्हणजे पोटाला भोक पाडून आतड्याचं तोंड बाहेर आणतात आणि त्यावर पिशवी चिकटवतात. शौच त्या पिशवीत. आपल्या ताब्यात काही राहत नाही, कधीही होतं. वारा सुटला की आवाजही होतो. माझी पिशवी कायमची आहे.

कॅन्सरला भ्यायला मला सवडच मिळाली नाही, लाजेनंच अर्धा झालो. वॉर्डात नर्स पिशवी बदलायला शिकवायची तेव्हा मी भिंतीकडं तोंड करून पडायचो. शेवटी माझ्या बायकोनं, रशिदानं, ते सगळं शिकून घेतलं. घरी आल्यावर मी तिला बजावलं, हर्नियाचं ऑपरेशन झालं म्हणून सांगायचं. आमच्याकडं आजारी माणसाला बघायला लोक शहाळी घेऊन टोळीनं येतात आणि सगळं खोदून खोदून विचारतात. ती बिचारी प्रत्येकाला हर्निया सांगत बसायची आणि मी आत पांघरूण ओढून पडायचो.

नमाजही सोडली. नमाजेआधी वुजू करतात, म्हणजे हात-पाय-तोंड धुऊन पाक व्हायचं. पोटावर घाण बाळगणारा माणूस पाक कसा होणार, हे माझं मीच ठरवलं. कुणाला विचारलं नाही, कारण विचारायचं तर सांगावं लागलं असतं. खरं सांगायचं तर आधी पढत होतो तीही काय नमाज होती? कपाळ जमिनीला आणि मन काजा-बटणांत.

केमोथेरपी झाली, म्हणजे सलाइनमधून द्यायची कॅन्सरची औषधं. मग स्कॅन झाला. वेटिंग रूममध्ये मी पिशवीवर रुमाल दाबून बसलो होतो.

डॉक्टर म्हणाले, “सध्या काही दिसत नाही. पण परत येणारच नाही असं मी लिहून देऊ शकत नाही. दिवसभर काय करता?”

रशिदा म्हणाली, “दार लावून बसत्यात. जगायचं हाय का न्हाय, त्येवढं इचारा की यास्नी.”

बाहेरच्या माणसासमोर बायकोनं असं बोलावं, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येताना रिक्षात तिच्याकडं बघितलं. केस केवढे पांढरे झाले होते, आणि मला पत्ता नव्हता. ऑपरेशननंतर मिळालेला सगळा वेळ मी स्वतःच्या पोटाकडं बघण्यात घालवला होता.

दुसऱ्या दिवशी मशिदीत मौलानांना गाठलं. म्हटलं, एका ओळखीच्या माणसाचा प्रश्न आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “जे ताब्यात न्हाई, त्याला सवलत हाय. दर नमाजेच्या वेळंला नवा वुजू करायचा, झालं.” मी उठायला लागलो तसे म्हणाले, “मास्तर, त्या माणसाला सांगा, शुक्रवारी त्येंची जागा रिकामी दिसती.” माझी मान वर होईना.

शुक्रवारी पिशवी रिकामी केली, सावकाश वुजू केला. कोपरावरून पाणी ओघळलं ते कधी नव्हे ते मला जाणवलं. मशिदीत सगळ्यात मागच्या रांगेत, जरा अंतर सोडून उभा राहिलो. पण रांगेत खांद्याला खांदा लागावा लागतो. शेजारी गॅरेजवाले सलीमभाई होते, त्यांनी बाही धरून मला जवळ ओढलं. आणि सगळे गप्प असताना पिशवी वाजली. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं झालं मला.

बाहेर चपला घालताना सलीमभाई जवळ आले. ते काही विचारायच्या आत मीच बोलून टाकलं, “पोटाला पिशवी हाय माझ्या. कॅन्सर झालता.”

ते चप्पल हातात धरून तसेच उभे राहिले.

“आमच्या अब्बास्नी पण हुती,” ते हळूच म्हणाले. “लोकांत वास येईल म्हणून आमीच त्यास्नी घरात ठेवलं. शुक्रवारी मशिदीत न्या म्हणायचे. न्हाई न्हेलं.”

मग हातातली चप्पल खाली टाकून ती पायात सरकवत राहिले. म्हणून हे लिहितोय. माझी लाज गेलेली नाही, तशीच बरोबर घेऊन मी दुकानात बसतो. तुमच्या घरात अशी पिशवी लागलेलं कुणी असेल, तर त्याला आज बाहेर न्या. तो नको म्हणेल. मीही म्हणत होतो.