व्हर्लीनबाईंची सकाळची यादी

मिसिसिपीतल्या त्या कापूसपट्ट्यात व्हर्लीनबाईंनी रेडिओवर नाव वाचल्याशिवाय माणूस मेला असं कुणी मानतच नसे. तीस वर्षं रोज सकाळी सातला त्या आजाऱ्यांची आणि मेलेल्यांची यादी वाचायच्या. एकदा एका आजाऱ्याची चिठ्ठी मेलेल्यांच्या गठ्ठ्यात गेली, तर तो गृहस्थ पायजम्यावरच रेडिओ स्टेशनात हजर! "बाई, बायकोनं मला पुरायला माझा सूट इस्त्रीला काढलाय हो!"

पण यातलं काही शिल्लक नव्हतं. टेप महाग, म्हणून स्टेशनचा मालक दर आठवड्याला त्याच टेपवर रविवारचं प्रवचन चढवायचा. तीस वर्षं पार पुसून गेली. त्यामुळे कॉलेजातली लट्रीस त्या भागातल्या काळ्या निवेदकांचे अनुभव जपायला रेकॉर्डर घेऊन आली, तेव्हा एक्क्याऐंशी वर्षांच्या बाई हरखून गेल्या. हा मोका गेला की आपला आवाज गेलाच, हे त्या जाणून होत्या. त्यांनी चांगली लाल लिपस्टिक लावली.

स्टेशनचा जुना तंत्रज्ञ क्लोव्हिस शेजारीच राहायचा. तो खिदळला, "रेडिओवर लिपस्टिक दिसते होय गं?"

"ऐकू येते, मेल्या! गप बस."

माईक समोर आला मात्र, बाईंच्या अंगात वारं शिरलं. "शुभ प्रभात, मंडळी! सात वाजून एक मिनिट!" घड्याळात दुपारचे तीन वाजले होते. मग हवामान, कोंबड्यांच्या खाद्याची जाहिरात, चर्चमधलं मासळीचं जेवण... लट्रीसची हसून हसून पुरेवाट झाली.

"मिस व्हर्लीन, आता तुमचं स्वतःचं सांगा ना!"

"माझं? छे बाई! निवेदकानं स्वतःबद्दल अवाक्षर काढायचं नाही, मालकाचा नियमच होता."

क्लोव्हिसचं हसू ओसरलं. "एकाहत्तर सालचा तो मंगळवार सांग. यादीतलं सहावं नाव."

बाईंनी माईक जवळ ओढला. आवाज तसाच खणखणीत. "बेथेल चर्चच्या इडेला ग्रिग्जबी यांचं काल निधन झालं." मग त्या म्हणाल्या, "एवढंच वाचलं, पोरी. आणि लगेच सातवं नाव घेतलं. ती माझी आई होती."

लट्रीसचे डोळे भरून आले. बाईंनी मात्र मांडीवर थाप मारली. "आणि काय हसायची गं ती! ती हसली की पाद्रीबाबा भर प्रार्थनेत शब्द विसरायचे!"

त्यानंतर दिवेलागणीपर्यंत व्हर्लीनबाई आईबद्दलच बोलत होत्या.