मापाड्याचं सारखं माप

संशोधन संस्थेच्या प्राण्यांच्या खोलीत सव्वीस वर्षं उंदीर सांभाळणाऱ्या माणसाला सगळे मापाडी म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं, ते तिथंच राहिलं. काचेची नळी डोळ्यासमोर धरायची, एक डोळा मिटायचा, श्वास रोखायचा आणि मग पातळी बघायची. थेंबाचा फरक दिसला की ओतून देऊन पुन्हा पहिल्यापासून. चहासुद्धा तो असाच वाटायचा, त्यामुळे सगळ्यांना गारच प्यावा लागे.

घरीही तेच. त्याचं लग्न राहून गेलेलं, धाकट्या बहिणीचंही. ती घरीच शिवणकाम करायची. संध्याकाळी दारूचे दोन ग्लास भरायचे आणि भरणार हाच. "बघ, केसाचा फरक नाही," असं रोज वर बजावायचा. बहीण म्हणून तिला कधी कमी दिली नाही, याची त्याला भारी मिजास. पुढं दोघांनी एकाच महिन्यात सोडली. मापाडी होता तसा राहिला. बहीण मात्र विसरायला लागली. डाव्या बाहीच्या जागी उजवी जोडायची, एकाच गिऱ्हाइकाची मापं दोनदा घ्यायची. कामं हातची गेली. एकदा चिडून तो बोलून गेला, "मीही तेवढीच प्यायलो ना? माझं काय झालं? तुझं मनच कच्चं." आठवड्याभरात ती मशीन उचलून दोन गल्ल्या पलीकडं राहायला गेली. त्याला तीन वर्षं झाली. अबोला तिनं धरला होता आणि आपण खरं तेच बोललो, या घमेंडीत हा बसला होता.

संस्थेत इतकी वर्षं प्रयोग नरांवरच व्हायचे. माद्या घेतल्या की गुंतागुंत वाढते, असं साहेबलोक म्हणत. नव्या आलेल्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही मागितले. दारूनं मेंदूतल्या राखणदार पेशींचं काय होतं, ते त्यांना बघायचं होतं. या पेशी मेंदूची राखण करतात, पण फार चवताळल्या तर मेंदूलाच इजा करतात. मापाडी प्रत्येक उंदीर तोलायचा आणि वजनाप्रमाणे दारू बोथट सुईनं थेट पोटात सोडायचा.

पहिला निकाल आला आणि बाईंनी त्याला बोलावलं. माद्यांच्या पेशी नरांपेक्षा कितीतरी जास्त चवताळल्या होत्या.

"माद्यांना चुकून जास्त गेली असेल का?" बाईंनी विचारलं. आवाज मऊ होता, पण मापाड्याच्या वर्मी लागलं.

"सव्वीस वर्षांत माझं माप चुकलेलं नाही, बाई. परत करा प्रयोग. या खेपेला तुम्ही शेजारी उभ्या राहा."

बाई खरंच उभ्या राहिल्या, रोज सकाळी. मापाड्याचा हात एकदाही हलला नाही. सगळ्या संस्थेत कुजबुज झाली होती. निकाल उलटा आला असता तर त्याला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. तीन महिन्यांनी निकाल आला तो तसाच्या तसा.

"तुमचं माप बरोबर होतं," बाई म्हणाल्या. "मीच शंका घेतली, माफ करा." आणि त्याला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. नराच्या मेंदूतली पेशी बारीक पाय पसरून बसली होती. मादीच्या मेंदूतली फुगलेली, पाय आखडून घेतलेली. मापाडी खुशीत बघत होता. मग एकदम त्याची खुशी कुठल्या कुठं गेली.

"माप सारखं असूनसुद्धा?" त्यानं विचारलं.

"सारखं असूनसुद्धा. माणसांचं यावरून लगेच ठरवता येणार नाही हं. हे उंदीर आहेत."

"म्हणजे माद्या मनानं कच्च्या, असं नाही?"

बाई हसल्या. "उंदराच्या मनाचा काय संबंध? त्यानं कुठं मागितली होती? आपण घातली."

मापाड्यानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. रस्ताभर एकच गोष्ट त्याला खात होती. उंदराला तोलल्याशिवाय थेंब द्यायचा नाही, आणि घरी? बहीण त्याच्या निम्म्या अंगाची होती. तिच्या निम्म्या अंगात यानं आपल्याएवढी भरली, वर्षानुवर्षं, आणि शिवाय मिजास मिरवली. स्वतःची त्याला मनापासून लाज वाटली.

बहीण मशीनपाशी बसली होती. दार उघडंच होतं. तो उंबऱ्यातच उभा राहून सगळं बोलला, पेशींपासून सुईपर्यंत, अडखळत. शेवटी म्हणाला, "बाई म्हणतात, माणसांचं अजून नक्की नाही. पण मी तुला कच्च्या मनाची म्हणालो ते चुकलं. माप माझंच चुकलं."

तिनं कापडावरची खडूची रेघ बोटानं चोळून पुसली.

"एकाच मापाचा शर्ट दोघांना शिवत नाही मी," ती म्हणाली. "तुझ्या ग्लासाच्या वेळी मलाही सुचलं नाही, दादा."

मग तिनं त्याच्याकडं खडू आणि कापडाचा एक तुकडा सरकवला.

"लिहून दे."

"काय?"

"आत्ता म्हणालास ते. उद्या मला आठवणार नाही."

मापाड्यानं गुडघ्यावर कापड ताणलं आणि मोठ्या अक्षरात लिहिलं. तिनं ते वाचलं, मशीनसमोरच्या भिंतीवर टाचणीनं लावलं आणि त्याला बसायला स्टूल दिलं.