जानूआबांची इर्जिक

जानूआबांना कुणापुढे तोंड उघडून काही मागणं कधी जमलं नाही. आंबी गावापासून आत असलेल्या त्यांच्या वाडीत या भिडस्तपणाचं सगळे कौतुक करत. कौतुक करणाऱ्याचं काय जातं!

फायबरचं इंटरनेट सगळ्या वाडीला हवं होतं, पण त्यावाचून अडलं होतं एकट्या आबांचंच. बायको भामाबाईंची डावी बाजू लुळी पडली, तेव्हा मुलगा आकाश बंगळूरहून घरी आला होता. आईला उठवणं, भरवणं सगळं तोच करी. कंपनीने सांगितलं, घरून काम कर, पण एक तारखेपर्यंत स्वतःच्या घरात, स्वतःच्या नावावर वेगवान नेट दाखव. नाहीतर परत ये. नोकरी सोडावी, तर आईची औषधं त्याच्याच पगारावर चालायची.

नेटवाला ठेकेदार म्हणाला, केबल मी देतो, चर तुम्ही खणा. मग आबांनी इर्जिक घातली. इर्जिकीत लोक मजुरी न घेता राबतात आणि बोलावणारा त्यांना पोटभर जेवू घालतो. आठ घरची माणसं कुदळी घेऊन आली. तीन दिवस आबा त्यांना आग्रह करकरून वाढत होते आणि रिवाजाप्रमाणे स्वतः सगळ्यांच्या मागून जेवत होते.

चौथ्या दिवशी जोडणीवाल्याने आबांच्या दारातल्या खांबावरच वायरी जोडायचा डबा बसवला. "पहिलं कनेक्शन कुणाचं?"

"राबल्यात त्येंचं पयलं," आबा म्हणाले. "आमचं काय, हितंच हाय. शेवटाला द्या."

शेजारच्या नथूकडे वायर गेली, मग त्याच्या पुढच्या घरी. आठवं घर झालं आणि जोडणीवाल्याने शिडी उतरवली. डबा आठच जोडण्यांचा होता. दुसरा डबा यायला दोन-तीन महिने लागणार होते.

"नथूभावजींना इचारा," भामाबाई जड जिभेनं म्हणाल्या. "त्येंचं आपल्याला घ्या."

आबा गेले. नथूची नातवंडं टीव्हीसमोर खिदळत होती. "या आबा! तुमच्यामुळं झालं बगा हे," नथू म्हणाला. आबांनी पाणी मागितलं, ते प्यायले आणि परत आले. जेवायला बसलेल्या माणसाला पानावरून कसं उठवायचं? अहो, एक शब्द तर टाकायचा होता! नथूनं हसत वायर काढून दिली असती.

"मी जाऊन बोलू का?" आकाशनं विचारलं.

"नगं. बरं दिसत न्हाई."

तीस तारखेला आकाश बॅग घेऊन निघाला. तो रागावला नाही. रागावला असता तर आबांना बरं वाटलं असतं.

पुढं नथूला हे कळलं तेव्हा त्यानं कपाळावर हात मारून घेतला. तिसऱ्या महिन्यात आबांचं नेट आलं. तोवर आकाशची घरून काम करायची सवलत गेली होती.

पहिला व्हिडिओ कॉल लागला. "आबा, लय स्वच्छ दिसतंय!" आकाश म्हणाला आणि स्क्रीनच्या जवळ सरकला. मग म्हणाला, "आई एवढी वाळली? तुमी तर रोज म्हणता, बरी हाय."

आबांनी फोन छातीशी पालथा धरला. आवाज तरी येतच राहिला, अगदी स्पष्ट.

"आबा, आईकडं धरा ना. मला तिला बघू द्या."